प्रतिसाद: एका इंजेक्शनने उवा का जात नाहीत

दादा, आयव्हरमेक्टिन (उवा मारायचं इंजेक्शन) देऊनही तीन आठवड्यांत डुकरांवर पुन्हा उवा दिसल्या म्हणता, तर औषध बहुतेक खोटं नसावं. ते लिखांवर चालत नाही. कानामागचे केस बाजूला सारून बघा, मुळाशी पांढरट लिखा चिकटलेल्या दिसतील. त्या साधारण १२ ते २० दिवसांत फुटतात, म्हणून दुसरा डोस दोन आठवड्यांनी हवाच. १ टक्क्याचं औषध ३३ किलो वजनाला १ मिली, मानेवर कातडीखाली. वजनाचा अंदाज डॉक्टरांकडून घ्या आणि सगळी डुकरं एकाच दिवशी टोचा, एखादं सुटलं की सगळी मेहनत पाण्यात. गाभण मादीला व्यायच्या आठवडाभर आधी द्यावं, नाहीतर पिल्लं दूध पितानाच उवा घेतात.

उवांवर जळकं ऑइल चोळायला कुणी कुणी सांगतात, ते कृपया नको. कातडी भाजते, वर मटणाचीही वाट. कापायचं जनावर असेल तर इंजेक्शन दिल्यावर औषधाच्या बाटलीवर लिहिलेले दिवस थांबा.

गोठा जाळायची गरज नाही, उवा डुकराच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसच तगतात. पेंढा तेवढा बदला. बाजारातून आणलेलं नवं डुक्कर मात्र आधी वेगळं बांधा.