माजघरासाठी रंग सुचवा : खोली अंधारी आहे आणि रंगारी सोमवारी येणार आहे

शहापूर_गल्ली
बेळगावच्या शहापुरातील आमच्या जुन्या घराचे माजघर दहा बाय नऊ फुटांचे असून तेथे भर दुपारीही दिवा लावावा लागतो. गणपतीपूर्वी घर रंगवून घेण्याचे ठरले आहे आणि रंगाऱ्याला शनिवार संध्याकाळपर्यंत शेड नंबर हवा आहे. आईला मलई रंग हवा आहे, भाऊ पांढऱ्यावर अडून बसला आहे आणि वहिनीला एका भिंतीवर गडद निळा पाहिजे. दुकानातील कार्डावर नुसत्या पांढऱ्याच्याच इतक्या छटा आहेत की डोके चालेनासे झाले. कृपया एकच रंग सांगावा. वास्तुशास्त्र नको.

टिळकवाडीकर
ताई, खिडकी कोणत्या दिशेला आहे ते आपण लिहिलेले नाही आणि त्यावाचून उत्तर देता येणार नाही. उत्तरेच्या खिडकीतून येणारा प्रकाश थंड आणि निळसर असतो, त्यामुळे तेथे किंचित पिवळसर छटा बरी दिसते. पश्चिमेच्या खिडकीत संध्याकाळी तीच छटा फार भडक होते. पुस्तकातले नियम मात्र आपल्याकडे जसेच्या तसे लावू नयेत. बेळगाव सुमारे १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, म्हणजे उत्तरेची भिंतही तेवढा काळ तापते.

शहापूर_गल्ली
खिडकीच नाही. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक आहेत, पुढे सोपा आणि मागे स्वयंपाकघर. जो काही उजेड येतो तो त्या दोन दारांतून. शहापुरातील घर म्हटल्यावर हे वेगळे सांगावे लागेल असे मला वाटले नव्हते.

वास्तू_आणि_विचार
आपण वास्तुशास्त्र नको म्हटले असले तरी एवढे सांगतो की घराच्या मध्यभागी गडद निळा रंग देऊ नये. पिवळा द्यावा. दाराची दिशा कळविल्यास सविस्तर लिहीन.

निपाणीचा_पाहुणा
इतका विचार कशाला? फिका पिस्ता डिस्टेंपर द्यावा. आमच्या तंबाखूच्या वखारीच्या कचेरीला अनेक वर्षे तोच रंग आहे आणि डोळ्यांना गार वाटतो. किंमतही कमी पडते.

प्रकाश_गणित
पिस्ता या खोलीसाठी चुकीचा आहे आणि त्याचे कारण आवडीनिवडीचे नसून हिशेबाचे आहे. बऱ्याच कंपन्यांच्या शेड कार्डावर किंवा त्यांच्या संकेतस्थळावर प्रत्येक छटेपुढे एलआरव्ही नावाचा आकडा असतो. भिंतीवर पडलेल्या प्रकाशापैकी किती टक्के परत येतो हे तो सांगतो. चांगल्या पांढऱ्याचा तो ८० च्या पुढे असतो, फिक्या मलईचा ७० च्या आसपास. खिडकी नसलेल्या खोलीत दारातून आलेला प्रकाश एका भिंतीवरून दुसरीवर उसळत आत पोहोचतो. ८० टक्क्यांच्या रंगावर तीनदा उसळल्यानंतर त्यातील ५१ टक्के शिल्लक राहतो, पण ५० टक्क्यांच्या रंगावर तेवढ्याच प्रवासात तो साडेबारा टक्क्यांवर येतो. कार्डावर दोन्ही छटा ‘फिक्या’च दिसतात, फरक कळतो तो खोलीत.

निपाणीचा_पाहुणा
वखारीच्या कचेरीत चांगले दिसते, एवढेच मला ठाऊक आहे.

प्रकाश_गणित
त्या कचेरीला खिडक्या किती आहेत?

निपाणीचा_पाहुणा
चार. पण प्रश्न रंगाचा होता, खिडक्यांचा नव्हता.

अनगोळ_आर्टिस्ट
वरील हिशेब बरोबर असला तरी शुद्ध पांढरा सुचवण्याची घाई करू नये. उजेडच नसेल तर पांढरी भिंत पांढरी दिसत नाही, राखाडी आणि उदास दिसते. वहिनींचा निळा म्हणूनच इतका वाईट नाही : खोली उजळत नाही हे एकदा मान्य केले की तिला गडद करून दिव्याच्या उजेडात शोभा आणता येते. निजण्याची किंवा देवाची खोली असेल तर याचा विचार करावा. दिवसभर ये-जा असेल तर नको. माजघराचा वापर कशासाठी होतो?

शहापूर_गल्ली
आई तेथेच बसून भाजी निवडते, मुले अभ्यास करतात, सणाला पंगत बसते. गडद नको, हे आता वहिनीलाही पटले आहे. तर मग पांढरा की मलई?

दिवा_बत्ती
आधी दिवा कोणता आहे ते पाहावे. ६५०० केल्विनच्या निळसर पांढऱ्या दिव्याखाली मलई रंग मळकट दिसतो आणि ३००० च्या पिवळ्या दिव्याखाली पांढराही मलईच होतो. जेथे दिवसाही दिवा जळणार आहे तेथे त्या दिव्याखालीच छटा निवडावी, दुकानाच्या दारात उभे राहून नव्हे. माझ्या मते ४००० केल्विनचे दोन दिवे समोरासमोरच्या भिंतींवर लावावेत आणि खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा अधिक आहे का ते वाचावे. तो कमी असेल तर मेथी आणि शेपूसुद्धा निस्तेज दिसतात.

रंगकाम_वडगाव
मी या धंद्यात आहे, म्हणून विचारतो : भिंत कशाची आहे आणि वर काय आहे? एवढा खल झाला, पण हे कोणी विचारले नाही.

खानापूरची_माई
वर कौले असतील तर एक-दोन काचेची कौले बसवून घ्यावीत, रंगाचा प्रश्नच उरणार नाही. आमच्याकडे जांभ्याच्या भिंती आहेत, गिलावासुद्धा नाही, तरी काचेच्या कौलामुळे स्वयंपाकघरात लख्ख उजेड असतो. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढल्यापासून ही कौले आपल्या भागात आली आणि त्यांच्यासारखे छप्पर दुसरे नाही.

शहापूर_गल्ली
माई, कौले माळ्याच्या वर आहेत. माजघरावर लाकडी माळा आहे. जुन्या सागवानी तुळया आणि त्यांवर फळ्या, धुराने काळ्या झालेल्या. भिंती पांढऱ्या मातीच्या, दीड हात जाडीच्या, वरून चुना. रंगारी म्हणाला की पुट्टी भरून, प्रायमर मारून इमल्शनचे दोन हात देतो. खालचा हातभर भाग पावसात ओलसर होतो, पण तो दरवर्षीच होतो.

रंगकाम_वडगाव
मग शेड नंबर राहू द्या. ताई, मातीच्या भिंतीवर सिमेंटची पुट्टी आणि वर इमल्शन म्हणजे ओल आत कोंडणे. जमिनीतून वर चढणाऱ्या पाण्याची वाफ चुन्यातून बाहेर पडते. प्लास्टिकसारख्या थरातून ती नीट निघत नाही, मग क्षार त्या थरामागे साचतात आणि दिवाळीच्या आत पापुद्रे सुटतात. भुरभुरणाऱ्या जुन्या चुन्यावर इमल्शन तसेही धरत नाही. आज रात्री एक करून पाहा : खालच्या भागावर हातभर लांबीरुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि चोवीस तासांनी बघा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर ओल भिंतीतली. बाहेरच्या बाजूला असतील तर हवेतली.

प्रकाश_गणित
काळा माळा ही माहिती आधी मिळाली असती तर मी भिंतींचा हिशेब मांडलाच नसता. दारातून आलेला उजेड जमिनीवरून वर जातो आणि माळा तो गिळून टाकतो. नव्वद चौरस फुटांचे छत, म्हणजे जवळजवळ एका भिंतीइतका काळा पृष्ठभाग डोक्यावर आहे. प्रथम तो पांढरा करावा.

अनगोळ_आर्टिस्ट
सागवानी तुळयांना पांढरा ऑइलपेंट? हे करू नये. एकदा रंग चढला की तासल्याशिवाय निघत नाही. तुळया घासून, तेल देऊन तशाच ठेवाव्यात आणि दोन तुळयांच्या मधल्या जागेत पांढरे प्लायवूडचे तुकडे खिळ्यांऐवजी स्क्रूने बसवावेत, म्हणजे पुढे काढता येतील.

शहापूर_गल्ली
प्लास्टिक काढले. भिंतीकडच्या बाजूला थेंब होते आणि चुन्याची पांढरी भुकटी बोटाला लागून आली. भाऊ अजून इमल्शनचेच म्हणतो, पण आईने चुना म्हणून निकाल दिला आहे. प्लायवूडची कल्पना सर्वांनाच पटली. सुतार पुढच्या आठवड्यात मापे घेईल. आता चुन्यात नीळ घालावी का? आजी घालायची. शिवाय रंगारी म्हणतो की तो चुन्याचे काम करीत नाही.

दिवा_बत्ती
नीळ पिवळेपणा झाकते, म्हणून भिंत अधिक पांढरी भासते. उजेड मात्र तिने वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. आईंना मलई हवी होती ना? मग नीळ सोडून चिमूटभर रामरज घालावी. ती मातीच असल्यामुळे चुन्यात टिकते, तर दुकानातील काही तयार रंगद्रव्ये चुन्याच्या क्षाराने उडून जातात. सुकल्यावर छटा पुष्कळ फिकी होते, तेव्हा आधी दाराआडच्या कोपऱ्यात थोडा लावून, वाळू देऊन, नव्या दिव्याखाली पाहावे.

वास्तू_आणि_विचार
रामरज पिवळीच असते, हे येथे नोंदवून ठेवतो.

रंगकाम_वडगाव
रंगारी नाही म्हणत असेल तर घरचेही करू शकतात, पण चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि कळीचा चुना घरी विरवण्याच्या भानगडीत पडू नका, तो उकळतो, विरवलेलाच आणा. सैल झालेले पापुद्रे खरवडून भिंत ब्रशने झाडा, चुना फडक्यातून गाळून ताकाइतका पातळ करा आणि भिंतीवर पाणी शिंपडून मगच हात मारा. ओला चुना पारदर्शक दिसतो, त्यामुळे काहीच चढले नाही असे वाटून भाऊ जाड थर देऊ पाहतील. तो तडकतो आणि सुटतो. पातळ तीन हात, प्रत्येकामध्ये एक दिवस, आणि सध्याच्या हवेत दोन्ही दारे उघडी ठेवून पंखा चालू. खालचा ओला पट्टा आता नुसता चुना मारून सोडा. तो पाऊस थांबल्यावर, डिसेंबरात बघू. बाहेरच्या गटाराचा उतार जोत्याकडे आहे का, तेवढे मात्र आज पाऊस पडत असतानाच पाहून ठेवा.