नदीवरचे धुके मळकट का दिसते?

प्रश्न (सांगली): आयर्विन पुलाजवळ पहाटेची कृष्णा जलरंगात रंगवताना धुक्यासाठी मी पांढऱ्यात काळा मिसळतो, पण चित्र मळकट होते. फ्रेंच चित्रकार मोनेच्या सीन नदीवरील पहाटेच्या चित्रमालिकेत धुके उजळ कसे राहते?

उत्तर (सातारा): ती मालिका त्याने १८९६-९७ मध्ये फ्रान्समधील जिव्हर्नी गावाजवळ नावेतून रंगवली, प्रकाश बदलला की तो दुसरा कॅनव्हास घेई. त्याच्या धुक्यात निळा, जांभळा आणि फिकट गुलाबी शेजारी नांदतात, तर झाडे आणि त्यांचे प्रतिबिंब इतके मऊ असते की पाणी कोठे सुरू झाले हे कळत नाही.

उत्तर (मिरज): मोनेचे माध्यम तैलरंग होते, हे मात्र विसरू नका. जलरंगात उजेड कागदाचाच असतो. म्हणून काळा बाजूला ठेवा आणि पुलाच्या कमानी ओल्या कागदावरच अल्ट्रामरीनमध्ये (गडद निळा) किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून सोडा.

प्रश्नकर्ता: कमानींच्या कडा मी कोरड्या कागदावर ओढत होतो, चूक तिथेच असावी.