सोसायटीचं नेट आणि शनिवार रात्रीची टेस्ट

बी-३०२ काकू: काल पण आठ वाजता नेटनं मान टाकली. मुलीचा इंटरव्ह्यू चालू होता, आवाज तुटक तुटक, शेवटी त्यांनीच कॉल कट केला. नवीन लाईन घेऊन काय मिळवलं सांगा सेक्रेटरी साहेब, मीटिंगमध्ये मी बोलले तेव्हा सगळे हसले होते

ए-१०१ काका: स्पीड २०० येतो. दुपारी ३ चा स्क्रीनशॉट टाकला आहे 🙏

सी-४०४: काका दुपारी ३ ला लाईन रिकामीच असते. गड्ड्याच्या जत्रेचा बंदोबस्त भर दुपारचं होम मैदान बघून ठरवतात का? स्पीड टेस्ट म्हणजे मोठमोठ्या पॅकेटचं, म्हणजे डेटाच्या तुकड्यांचं, थोडा वेळ डाउनलोड, बास. रात्री कोण पिक्चर बघतंय, कोण कॉलवर, पोरं गेम खेळताहेत, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग सारखं वर चढतंय. नुसत्या आवाजाच्या कॉलची सेकंदाला साधारण ५० बारकी पॅकेट एका बाजूनं, तेवढीच दुसऱ्या बाजूनं. टेस्ट करायची तर तसलीच खोटी गर्दी उभी करावी लागेल

सी-२०३: गर्दीच पाहिजे तर आमच्याकडं सासुरवाडीची मंडळी आल्यात, पाठवू का 😂

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून बोलावे.

सी-२०३: विषयालाच धरून बोलूलालो साहेब, सगळ्यांनी पासवर्ड घेतलाय

ए-४०२: मागं याच्या टेस्टमुळंच गेटचे कॅमेरे बंद पडले होते. आणि एफयूपी, म्हणजे प्लॅनचा ठरलेला डेटा, संपला तर भरणार कोण?

सी-४०४: दादा कॅमेऱ्याचा प्लग वायरमननं काढला होता, ते पण लिहा की. बाहेरचा डेटा एक एमबी पण जाणार नाही. बाहेरची वायर काढायची, माझ्या कम्प्युटरचा एक पोर्ट राउटरच्या त्या तोंडाला, दुसरा आतल्या बाजूला. एका बाजूनं पाठवायचं, दुसऱ्या बाजूला किती आलं, किती उशिरा आलं ते मोजायचं. टेस्टच्या सॉफ्टवेअरपैकी आयपर्फ नुसतं भरभरून ओततं, मिश्र ट्रॅफिकसाठी टीरेक्स बरं, सिस्कोचं आहे पण फुकट आहे

सी-२०३: केबिनमध्ये डायनासोर येणार, वॉचमनला सांगून ठेवा बे

बी-३०२ काकू: मग आठ वाजताच करा ना टेस्ट, तेव्हाच तर बिघडतं

सी-४०४: काकू आठला कुणामुळं काय झालं कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तीच गर्दी परत मिळत नाही. शनिवारी रात्री १२ नंतर करतो, अर्धा तास नेट बंद राहील

ए-४०२: बंद?? नाईट शिफ्टवाल्यांनी काय करायचं

ए-१०१ काका: स्पीड २०० येतो. परत टाकतो स्क्रीनशॉट.

बी-१०४ वहिनी: टँकर आला का कुणी सांगेल का. पाच दिवस झाले पाणी नाही आणि इथं डायनासोर चाललेत

सेक्रेटरी: टँकर निघाला आहे. टेस्टला परवानगी आहे, कॅमेऱ्यांची जबाबदारी सी-४०४ यांची.

*(रविवार सकाळ)*

सी-४०४: झाली टेस्ट. नुसती १५१८ बाइटची मोठी पॅकेट सोडली तर २०० आरामात, एकही गळालं नाही. काका तुमचा स्क्रीनशॉट खरा आहे. मग ७ बारकी, ४ मधली, १ मोठं असं मिश्रण सोडलं, टेस्टिंगवाले नेहमी वापरतात तेच. ९० च्या पुढं गेलो की पॅकेट गळायला लागली आणि पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन यायचा वेळ, ४ वरून ७०० मिलिसेकंदावर. लाईनचा दोष नाही, राउटरचा आहे. २०० चीच लाईन मोठ्या पॅकेटनी भरली तर सेकंदाला १६ हजार पॅकेट, मिश्रणानं भरली तर जवळपास ७० हजार, आणि राउटरला प्रत्येक पॅकेटवरचा पत्ता बघावा लागतो, बारकं असो की मोठं. याचा दम तिथंच संपतो. वर जी गळत नाहीत ती रांगेत धरून ठेवतो म्हणून आवाज तुटतो. जिम गेटिस नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरनी २०१० मध्ये घरच्याच नेटवर ही रांगेची भानगड पकडली होती

सी-२०३: हे कुठल्या विंगचे?

ए-१०१ काका: म्हणजे २०० येतो हे सिद्ध झाले 🙏

बी-३०२ काकू: काका आता पुरे

ए-४०२: राउटर कुणाच्या ओळखीतून घेतला होता तेवढं सांगा, मग नवीन घेऊ

सेक्रेटरी: तीन कोटेशन मागवली होती, फाईल ऑफिसमध्ये आहे, कोणीही बघावी. नवीन राउटरचा ठराव पुढच्या रविवारी १० वाजता. ज्यांचा मेंटेनन्स थकलेला आहे त्यांना मत देता येणार नाही.

ए-४०२: हे मला उद्देशून आहे का?

सी-२०३: पिंग बघा कसं वाढलंय 😂