शिळा भात, उडालेली झोप, पेंगुळलेले डॉक्टर: तुमचे किस्से

ओट्यावरचा_कावळा
बायको फोडणीच्या भाताला कांदा चिरतेय आणि मला २००९ चा मे आठवला. खोलीवर दुपारचा भात पातेल्यात तसाच, वर तो उकाडा. रात्री दहाला परतून खाल्ला, साडेबाराला उलट्या सुरू. सरकारी दवाखान्यातला निवासी डॉक्टर, डोळे तांबारलेले, शीर शोधता शोधता माझ्या मनगटावरच पेंगला. चिकटपट्टीचा तुकडा त्याच्या अंगठ्याला लोंबत होता. "सॉरी, कालपासून चालूच आहे." मीच म्हटलं, बसा जरा. येऊ द्या तुमचे.

गवती_चहा
खणखणीत परतला होता ना? मग कसं काय?

बुरशीवाली
परतून काय होणार! बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात. भात बाहेर राहिला की वाढतात, विष सोडतात, ते गरम करून जात नाही. उलट्या १ ते ६ तासांत. तुमचे अडीच बरोब्बर बसले. उरलेला भात ताटात पसरून निववा आणि लगेच फ्रिजमध्ये.

थोरली_सून
हे सासूबाईंना कोण सांगणार? "आमच्या वेळी होते का फ्रिज?"

गवती_चहा
आजी उरलेल्या भातात ताक घालायची. आणि तिची नाचणीची आंबील, अहाहा

थोरली_सून
माझा किस्सा गोळीचा. आई झोपेसाठी ०.२५ ची अल्प्राझोलाम चार वर्षं घेत होती, दुकानदार ओळखीचा, चिठ्ठी कोण मागतंय. मी शहाणपणा करून पाकीटच लपवलं. तीन रात्री टक्क जागी, हात असे थरथरत की बशीत कप वाजायचा. डॉक्टर मलाच ओरडले. गोळी परत चालू करून हळूहळू कमी केली, पाच महिने लागले.

बुरशीवाली
बापरे. आणि ती शेड्यूल एच १ मधली, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीतली, दुकानदाराने नोंद ठेवायची असते.

रात्रपाळी
मी त्या पेंगणाऱ्या निवासी डॉक्टरांपैकी. ३० तासांनी सुटलोय, लोकलमध्ये टंकतोय, चुका पोटात घाला. निवासी डॉक्टरांसाठीच्या १९९२ च्या केंद्राच्या नियमात जास्तीत जास्त सलग १२ तास, आठवड्याला ४८. आमच्या युनिटात हे वाचून दाखवलं तर लोक हसतात. परवा एका आजोबांना एकच प्रश्न तीनदा विचारला. ते म्हणाले, "बाळा, जेवलास का?"

ओट्यावरचा_कावळा
😔 जेवलास का रे?

रात्रपाळी
वडापाव. डोंबिवली आलं, उतरतो.

थोरली_सून
@गवती_चहा आंबिलीला पीठ रात्रभर भिजवायचं का?