मदत हवी आहे: पोखरण १९९८, भाषणाचा परिणाम वेगळा कसा काढावा?

१९७४ च्या पोखरणच्या अणुस्फोटाला सरकारने 'शांततामय' म्हटलं. १९९८ ला थेट 'अण्वस्त्रधारी राष्ट्र'. या शब्दबदलाचा जनमतावर किती परिणाम झाला, ते मोजायचं आहे.

खरी अडचण तारखांची. चाचण्या ११ आणि १३ मे, वाजपेयींचं लोकसभेतलं निवेदन २७ मे आणि पाकिस्तानचे स्फोट २८ मे. म्हणजे जूनमधल्या जनमत पाहणीत भाषण, भीती आणि अभिमान सगळंच मिसळलेलं. मेमधल्या घाईच्या पाहण्या फक्त शहरी असतील तर ग्रामीण मत सुटतं. शिवाय 'चाचणीला पाठिंबा' आणि 'अण्वस्त्रं बाळगायला पाठिंबा' हे वेगळे प्रश्न आहेत, ते एकत्र मोजले की आकडा फुगतो.

म्हणून चाचण्यांनंतरचा पण निवेदन छापून येण्याआधीचा, म्हणजे १४ ते २७ मेदरम्यानच्या मराठी दैनिकांतला वाचकांचा पत्रव्यवहार कुठल्या ग्रंथालयात सलग मिळेल? पत्रं संपादकांनी निवडलेली असतात, त्यावर उपाय काय?