मदत हवी आहे: शिबु ओन्सेनमध्ये आईसोबत एक मुक्काम

फेब्रुवारीत टोकियोहून नागानोकडच्या शिबु ओन्सेन या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावाला जायचं आहे. आई 68 वर्षांची, बीपीची गोळी चालू, शाकाहारी (अंडं चालतं). विवस्त्र होऊन कुंडात उतरायचं म्हणून बिचकते आहे. प्रवास, स्नान, जेवण, तिन्हींबद्दल जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद 1
शिंकान्सेनने (बुलेट ट्रेन) नागानो, साधारण दीड तास. तिथून नागानो देन्तेत्सु या खासगी रेल्वेने शेवटचं स्टेशन युदानाका. तिचा नागानोतला फलाट जमिनीखाली आहे आणि जेआर पास (पर्यटकांचा रेल्वे पास) चालत नाही. पुढे बस किंवा टॅक्सी. र्‍योकानात (पारंपरिक जपानी निवासात) रात्रीचं जेवण सहा-साडेसहाला ठरलेलं असतं, त्यामुळे पाचच्या आत पोचा.

गावात नऊ सार्वजनिक न्हाणीघरं आहेत. किल्ली मुक्कामाच्या र्‍योकानातूनच मिळते. पाणी भयंकर कढत असतं. आधी पायांवर, मग वर वर तांबे घ्या, गार पाण्याचा नळ सोडून ढवळा, मगच उतरा. निघताना नळ बंद करा. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवतात. साबण आणि केस धुणं र्‍योकानातच उरका.

आईंना या नऊच्या फंदात पाडू नका. बुकिंग करतानाच 'काशिकिरी' स्नानगृह आहे का विचारा. ठरावीक वेळ तुमच्यापुरतंच मिळतं, लाजायचा प्रश्नच मिटतो. डॉक्टरांना विचारून ठेवा. तीन-चार मिनिटं बसून बाहेर, आणि उठताना सावकाश. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात, झटकन उठलं की भोवळ येते. बाहेर बर्फ, आत वाफ, हा फरकही बाधतो.

प्रतिसाद 2
जेवणात नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहिलंत तर मासा जाईल, पण दाशी (स्वयंपाकात वापरायचा माशाचा रस्सा) राहील. मिसो सूप, उकडलेल्या भाज्या, अगदी थंड सोबा (बकव्हीटच्या शेवया) बरोबरच्या चटकदार पाण्यातही कात्सुओ माशाचा अर्क असतो. बुकिंगच्या वेळीच लिहा: 'निकु, साकाना, कात्सुओ-दाशी वा ताबेरारेमासेन' (मांस, मासा, कात्सुओची दाशी खाता येत नाही). ऐनवेळी सांगितलं तर स्वयंपाकघर काही करू शकत नाही, कारण दाशी आधीच शिजवून ठेवलेली असते. त्यांची तयारी नसेल तर फक्त नाश्त्याचा दर घ्या. सोबत थेपले, मेतकूट असू द्या. गावात ओयाकी (सारण भरलेला पिठाचा गोळा) मिळते. लाल अझुकी कडधान्याच्या गोड पुरणाची बिनधास्त घ्या, भाजीची विचारून.

धागाकर्ती
धन्यवाद! युकाता (मुक्कामी घालायचा सुती झगा) कशी गुंडाळायची? आणि माकडं पाहायला आई चालू शकेल?

प्रतिसाद 1
डावा पदर वर. उजवा वर फक्त मृताला नेसवताना घेतात, लोक दचकतात. माकडांच्या जिगोकुदानीला जवळच्या कान्बायाशी ओन्सेनहून सुमारे 1.6 किमी जंगलवाट आहे. फेब्रुवारीत तुडवलेला बर्फ काचेसारखा होतो. बुटांना चढवायचे काटेरी पट्टे नसतील तर आईंना न्यायचं नाही.