दुचाकीच्या रिमला पोचा पडला, तेव्हा आपण काय केलेत?

मागच्या आठवड्यात रस्त्यावरचे जे पाणी मला उथळ डबके वाटले, तो प्रत्यक्षात धारदार काठाचा खड्डा निघाला. गाडी पडली नाही, टायर फुटला नाही, हवाही गेली नाही. मात्र घरी आल्यावर पुढच्या चाकावरून हात फिरवला, तेव्हा अलॉय रिमच्या डाव्या कडेला बोटभर लांबीचा पोचा लागला. तिघांना विचारले आणि तीन सल्ले मिळाले: एकाने ठोकून घ्यायला सांगितले, दुसऱ्याने चाकच बदलायला सांगितले आणि तिसऱ्याच्या मते हवा टिकत असेल तर काहीच करण्याचे कारण नव्हते. तिघेही वर्षानुवर्षे दुचाकी चालवणारे असल्यामुळे कोणाचे ऐकावे हे मला ठरवता येईना, म्हणून हा धागा काढत आहे. रिम वाकल्यावर आपण काय केले, तो निर्णय कशाच्या आधारे घेतला आणि काही महिन्यांनी त्या निर्णयाचे काय झाले, हे कृपया सविस्तर लिहावे. शेवटचा भाग विशेष हवा आहे, कारण दुरुस्ती झाली त्या दिवशी सगळेच समाधानी असतात.

अनुभव १

माझ्याकडे पोलादी रिमची, स्पोकच्या चाकांची जुनी गाडी आहे आणि तिच्या मागच्या रिमला दोनदा पोचा पडलेला आहे. पहिल्या वेळी मी चाक एका गॅरेजमध्ये सोडून आलो. तेथे टायर न काढताच कडेवर हातोडा चालवला गेला, कड वरवर सरळ दिसू लागली, आणि दहा-बारा दिवसांत ट्यूब पंक्चर झाली. खिळा किंवा काच काहीच सापडले नाही. ठोकताना आतल्या बाजूला उठलेली बारीक धार ट्यूबला घासत होती, हे पंक्चर काढणाऱ्याने रिममधून बोट फिरवून दाखवले.

दुसऱ्या वेळी मी दुसऱ्या कारागिराकडे गेलो आणि काम होईपर्यंत समोर बसून राहिलो. त्याने टायर, ट्यूब आणि रिमटेप काढून नुसते चाक स्टँडवर फिरवले आणि खडूचा तुकडा रिमच्या अगदी जवळ स्थिर धरला. जेथे रिम बाहेर येत होती तेथेच खडूची रेघ उमटली. चाक डावी-उजवीकडे लचकते तो एक आउट आणि वर-खाली उडते तो दुसरा, आणि दोन्ही एकाच उपायाने निघत नाहीत, हे मला त्या दिवशी कळले. बाजूचा आउट बहुधा स्पोकवर निघतो: रिम डावीकडे आणायची असेल, तर त्या भागातले हबच्या (चाकाच्या मध्यभागाच्या) डाव्या बाजूने येणारे स्पोक पाव-पाव फेऱ्याने आवळायचे आणि उजव्या बाजूचे तितकेच ढिले करायचे. आत बसलेला पोचा मात्र स्पोक कितीही फिरवले तरी वर येत नाही, कारण स्पोक रिमला फक्त हबकडे ओढू शकतो, बाहेर ढकलू शकत नाही. म्हणून त्याने आधी आसपासचे स्पोक सैल केले, लाकडी ठोकळा लावून कड थोडी थोडी करून बाहेर काढली, आणि मगच आउट काढायला घेतला. निप्पल (स्पोक रिमला घट्ट धरणारी छोटी नटे) गंजून बसलेली असल्यामुळे त्याने आदल्या दिवशीच तेल सोडून ठेवायला सांगितले होते. कोरडे निप्पल जोराने फिरवले की स्पोक पिळवटून तुटतो. शेवटी निप्पलच्या बाहेर डोकावणारी स्पोकची टोके कानशीने घासून घेतली.

काही शे किलोमीटरनंतर स्पोक पुन्हा तपासायला हवेत, हे त्याने दोनदा बजावले होते. तपासण्याची त्याची रीत सोपी आहे: पान्याने प्रत्येक स्पोकवर हलकी टिचकी मारायची, ताणलेला स्पोक खणखणतो आणि ढिला झालेला नुसता ठक्क वाजतो. चार वर्षे झाली, चाक अजून त्याच रिमवर धावते आहे.

अनुभव २

वरचा अनुभव पोलादी रिमचा आहे, हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, कारण तेच मी अलॉय चाकाबाबत गृहीत धरले आणि फसलो. माझ्या पुढच्या चाकाचा पोचा एका कारागिराने गॅसच्या ज्योतीवर तापवून, मोठ्या पान्याने कड बाहेर ओढून काढला. काम सफाईदार होते, रंगही मारून मिळाला. सहा महिन्यांच्या आत एका साध्या गतिरोधकावरून जाताना रिम त्याच जागी पुन्हा वाकली आणि या वेळी पोचा आधीपेक्षा खोल होता.

नंतर धातुकामात असलेल्या एका नातेवाइकाने त्याचे कारण समजावले. अलॉय चाकाची ताकद केवळ मिश्रधातूत नसते, ती ओतकामानंतर दिलेल्या उष्णता-प्रक्रियेतून येते, आणि त्या प्रक्रियेचा शेवटचा टप्पा साधारण १५० ते २०० अंश सेल्सियसच्या दरम्यान असतो. ज्योत धरलेली जागा त्याच्या किती तरी पुढे जाते आणि तेवढाच भाग मऊ होऊन राहतो. लोखंड तापले की लाल होऊन आपली अवस्था सांगते. ॲल्युमिनियम तसे काही न दाखवता ६०० अंशांच्या आसपास थेट वितळू लागते. म्हणजे नुसत्या नजरेने ज्योत चालवणाऱ्याला आपण किती तापवले हे कळण्याचा मार्गच नसतो. कारागीर अप्रामाणिक होता असे मी म्हणणार नाही, पण मोजमापाशिवाय उष्णता देणारा कोणीही माझ्या चाकाला पुन्हा हात लावणार नाही.

अनुभव ३

मी दुचाकी दुरुस्तीचेच काम करतो, त्यामुळे हा एका गाडीचा अनुभव नाही.

चाक आले की मी पोच्याकडे सगळ्यात शेवटी पाहतो. आधी गाडी स्टँडवर घेऊन चाक दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवतो. बेअरिंग झिजलेले असेल तर रिम वाकलेली नसतानाही आउट दिसतो आणि माणूस विनाकारण रिमच्या मागे लागतो. बेअरिंग ठीक असेल तर डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारे मापक) लावून बाजूचा आणि वर-खालीचा आउट वेगवेगळा मोजतो. अनेक सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दोन्हींची मर्यादा २ मिलिमीटर दिलेली असते, काही मॉडेलना ती त्याहून कमी असते. म्हणून आपल्या गाडीचे मॅन्युअल उघडून पाहावे, ऐकीव आकड्यावर जाऊ नये. घरी गेज नसेल तर फोर्कला (चाक धरणाऱ्या दांड्याला) केबल-टाय बांधून त्याचे टोक रिमच्या कडेशी आणावे आणि चाक हळू फिरवावे. आकडा मिळणार नाही, पण फट कोठे वाढते आणि कोठे मिटते हे स्पष्ट दिसेल.

त्यानंतर टायर उतरवून कड आतून पाहतो. पोचा फक्त बाहेरच्या ओठापुरता आहे, की टायर जेथे बसतो त्या पट्टीपर्यंत गेला आहे, यावर बरेच काही अवलंबून असते. तड्याची शंका आली तर रिम स्वच्छ करून तिच्यावर लाल भेदक द्रव्य फवारतो, सांगितलेला वेळ थांबतो, पुसून काढतो आणि वर पांढरे द्रव्य मारतो. केसाएवढा तडा असला तरी लाल रेघ पांढऱ्यावर उमटून येते. तडा निघाला की चर्चा संपते. ओतीव चाकाच्या तड्यावर वेल्डिंग करून देण्याची विनंती मला नेहमी केली जाते आणि मी ती नेहमी नाकारतो, मग ग्राहक नाराज होऊन दुसरीकडे गेला तरी चालेल. वेल्डिंगचा टाका टिकेलही, पण त्याच्या शेजारचा तापलेला भाग टिकेल याची खात्री मी देऊ शकत नाही, आणि चाक पुढचे असेल तर चुकण्याला जागाच नसते.

एकच चाक आणून देणाऱ्यांना मी दुसरेही मागतो. पुढचे चाक ज्या खड्ड्यातून गेले त्यातूनच मागचेही गेलेले असते, आणि सीटवर दोघे असतील तर बराच भार मागच्यावरच असतो.

अनुभव ४

माझा पोचा किरकोळ होता, पण दर चार दिवसांनी हवा कमी व्हायची. साबणाचे पाणी लावल्यावर नेमक्या पोच्याच्या जागी बारीक बुडबुडे दिसले. मी ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालून घेतली आणि तो प्रश्न तेथेच मिटला. दीड वर्षात कोणताही त्रास नाही.

अनुभव ५

अनुभव ४ वाचून लिहिल्याशिवाय राहवत नाही. ट्यूब घातल्याने हवा टिकली, रिम मात्र आहे तशीच आहे. शिवाय ट्यूबलेसचा मोठा गुण हा की खिळा घुसला तरी हवा बहुधा हळूहळू जाते. ट्यूब फाटली की ती एकदम जाऊ शकते, आणि वेगात पुढच्या चाकाची हवा एकदम जाणे म्हणजे काय, हे मी एकदा अनुभवले आहे. गावी पोहोचण्यापुरती तडजोड म्हणून ट्यूब ठीक. दीड वर्षासाठी नव्हे.

आता माझी हकिगत. मी लांबच्या प्रवासाला दुचाकी वापरते. एका खड्ड्यानंतर ताशी ७० किलोमीटरच्या पुढे हँडल थरथरू लागले. रिमला लहानसा पोचा दिसत होता, तरी मला सलग तीन वेळा बॅलन्सिंग करून देण्यात आले आणि दर वेळी नव्या शिशाच्या पट्ट्या चिकटवल्या गेल्या. बॅलन्सिंगने वजनाची वाटणी सुधारते, आकार नाही. चाक गोलच नसेल तर त्याला कितीही वजने चिकटवली तरी ते उडतच राहणार. अखेर मी नवे चाक घेतले, जुना टायर त्यावर चढवला, आणि थरथर बरीच कमी झाली, पण गेली नाही. त्यानंतर आणखी दोन आठवडे स्टिअरिंगची बेअरिंग, शॉक ॲब्सॉर्बर आणि ॲक्सल तपासण्यात गेले. शेवटी गाडी धुताना मलाच टायरच्या कुशीवर लिंबाएवढा फुगा हाताला लागला. रिम ज्या आघाताने वाकली त्याच आघाताने टायरच्या आतले धागे तुटले होते. तो टायर त्या फुग्यासह मी महिनाभर पळवला, याचा विचार आजही नकोसा वाटतो. ज्यांची रिम वाकली आहे त्यांनी टायर उतरवल्यावर तो बाहेरून आणि आतून, दोन्ही बाजूंनी उजेडात नीट पाहावा, एवढी कळकळीची विनंती.

अनुभव ६

दोन वर्षांत तीन रिम वाकवल्यानंतर दोष खड्ड्यांचा की माझा, असा प्रश्न मला पडला. तिसऱ्या वेळी फाटलेल्या ट्यूबवर शेजारी शेजारी दोन चिरा होत्या, सापाने डसल्यासारख्या. टायरमध्ये हवा कमी असली की तो खड्ड्याच्या काठावर पूर्ण दबतो, ट्यूब रिमच्या दोन कडांखाली चिमटली जाते आणि तोच आघात रिमवर बसतो. माझी सवय अशी होती की मी लांबून गाडी चालवत येऊन, टायर गरम असतानाच हवा भरून घ्यायचो. गरम टायरमधला दाब वाढलेला असतो, तेव्हा आकडा पुरेसा दिसला तरी थंड झाल्यावर तो कमीच भरायचा. आता स्वतःचे मापक घेतले आहे आणि सकाळी गाडी बाहेर काढण्यापूर्वी दाब पाहतो.

दुसरी सवय ब्रेकची. खड्डा अचानक दिसला की मी ब्रेक दाबलेलाच ठेवून त्यात उतरायचो. त्या क्षणी भार पुढे येऊन पुढचे शॉक ॲब्सॉर्बर आधीच दबलेले असतात आणि धक्का झेलायला त्यांच्याकडे जागा उरत नाही. आता खड्ड्याच्या आधी जमेल तेवढा वेग कमी करतो, अगदी काठाशी ब्रेक सोडतो आणि सीटवरून किंचित उठतो. चौथी रिम अजून वाकलेली नाही. (हे लिहिताना लाकडाला हात लावला आहे.)

अनुभव ७

थोडक्यात: नव्या चाकाचा खर्च वाचवण्यासाठी मी वापरलेले चाक घेतले. त्यावर ताजा, चकचकीत रंग होता आणि मी त्यालाच भुललो. टायर बसवताना कडेचा रंग खपली निघावी तसा उडाला आणि खाली जुन्या दुरुस्तीच्या कानशीच्या खुणा दिसल्या. आता वापरलेले चाक घ्यायची वेळ आली, तर रंग उडालेले आणि ओरखडे पडलेले चाक मी आधी पाहीन. त्याचे दोष निदान उघड्यावर असतात.

धागा काढणाऱ्याकडून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अनुभव ३ वाचल्यानंतर मी दोन्ही चाके उतरवून मोजून घेतली. ज्या पुढच्या पोच्यामुळे हा धागा काढला, तेथे बाजूचा आउट १ मिलिमीटरच्या आत आणि वर-खालीचा सव्वा मिलिमीटर निघाला. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा २ मिलिमीटरची आहे, तडा नाही, हवा टिकते. त्यामुळे त्या चाकाला हातोडा, ज्योत किंवा प्रेस यांपैकी काहीही लागणार नाही. दर महिन्याला ते पुन्हा मोजायचे असे ठरवले आहे.

मागचे चाक मात्र केवळ सांगितले म्हणून उतरवले होते. बाहेरून त्यावर काहीच दिसत नव्हते. टायर काढल्यावर आतल्या पट्टीवर व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर एक काळसर रेघ दिसली, मी ती मळाची समजून पुसायला गेलो आणि ती पुसली गेली नाही. लाल द्रव्य मारल्यावर ती चार सेंटिमीटर लांब निघाली. नवे चाक मागवले आहे. जुन्यावर दोन्ही बाजूंनी रंगाने फुली मारून ठेवली आहे, म्हणजे ते भंगारातून रंगरंगोटी होऊन अनुभव ७ लिहिणाऱ्यांसारख्या कोणाकडे पोहोचणार नाही. खरे तर करवतीने कापूनच देणार आहे. नवे चाक येईपर्यंत गाडी दोन विटांवर उभी आहे आणि मी पायी जातो आहे.